पेन्सिलीने लिहिलेलं नाव

मी एक टेप बोलतेय. गाण्याची नव्हे हो! लगेच "कुठली गाणी आहेत?" म्हणून विचारू नका. गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्याएवढी मी, काळी, चपटी, आणि माझ्या पोटात आकाश आहे. खोटं वाटतंय ना? वाटू दे. पुण्यात कुणी कुणाचं पहिल्या झटक्यात खरं मानलंय?

जन्म माझा परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला, पण कळती झाले ती पुण्यात, एका खगोलसंस्थेच्या तळमजल्यावरच्या खोलीत. संस्थेची दुर्बीण शहराबाहेर, शेताशेतांतून पसरलेली. दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी नव्हे. तारेच्या जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या, काही जवळजवळ, काही कोसकोस लांब. सगळ्या मिळून एकाच ताऱ्याकडे तोंड करतात आणि त्याच्या रेडिओलहरी टिपतात. टिपलेलं सगळं माझ्यावर लिहिलं जायचं आणि मी जीपमधून पुण्याला यायचे.

तेव्हा टेपा मोजक्या. काम झालं की टेप परत दुर्बिणीकडे, जुन्यावर नवं लिहायला. म्हणून आमची नावंसुद्धा पेन्सिलीने लिहायचे, खोडायला सोपी. माझ्यावर आधी काय काय होतं कोण जाणे. पुसलं म्हणजे पुसलंच. वाईट वाटायचं का, म्हणाल तर आठवतच नाही, मग वाईट तरी कशाचं वाटणार!

मग मी परवीनच्या हाती पडले. हडपसरहून दोन बस बदलून येणारी, डबा घरी विसरणारी, स्वतःशीच पुटपुटणारी पोरगी. पीएच.डी. करत होती. तिचा एक तारा होता. तो मधूनच भडकत असावा अशी तिची अटकळ, पण दोन वर्षं निरीक्षणं घेऊनही तारा आपला ढिम्म. घरी चाची रोज विचारायची म्हणे, "काय गं, बोलला का तुझा तारा?" परवीन हे सगळ्यांना हसत हसत सांगायची आणि खोलीत कुणी नसलं की डोळे पुसायची. माझ्यावरचं निरीक्षण तिचं शेवटचं. त्यानंतर तिला दुर्बीण मिळणार नव्हती.

आता कच्च्या नोंदी तशाच वापरता येत नाहीत. प्रत्येक तबकडीचा स्वभाव निराळा. एक फुगवून सांगते, दुसरी हातचं राखून. म्हणून मधून मधून सगळ्यांना एका ओळखीच्या स्रोताकडे वळवतात, वाण्याने मापाचं वजन ठेवून तराजू पारखावा तसं. त्यावरून सगळ्यांचा हिशेब एकसारखा करायचा, त्याला म्हणतात कॅलिब्रेशन. पण त्याच्याही आधी दोन दोन तबकड्यांची एकेक जोडी पडद्यावर आणून डोळ्यांनी बघायची. मोटारपंपाची ठिणगी, कुणाचा टीव्ही, असला जमिनीवरचा कचरा शिरला असेल तर काढून टाकायचा. कंटाळवाणं काम! सगळ्यांना ताऱ्याचं चित्र बघायची घाई, कचरा निवडायला कुणाला हवाय?

परवीनचे मार्गदर्शक दीनानाथ सर मात्र या बाबतीत कडक. त्यांची शिकवण एकच. "डोकं वर काढलं की छाटायचं. दयामाया नाही."

परवीन आज्ञाधारक. पडद्यावर पहिली जोडी आली. रेघ आपली सरळ चाललेली, आणि दुपारच्या सुमारास हा एवढा उंचवटा. छाटला. दुसरी जोडी, पुन्हा उंचवटा. छाटला. मी जीव तोडून ओरडत होते, "अगं बाई, जरा थांब, बघ तरी!" पण टेपचं ऐकतंय कोण? संगणकावर जागा कमी, म्हणून छाटलेलं तिने कायमचं काढूनही टाकलं. मग माझ्या नावापुढे "झालं" असं पेन्सिलीने लिहिलं आणि मला दाराजवळच्या खोक्यात ठेवलं. सकाळी जीपचे ड्रायव्हर सोनबाकाका आले आणि खोकं उचलून चालू लागले.

पुढचं मी नंतर परवीनच्या तोंडून ऐकलंय.

खोकं बाहेर पडलं तेव्हा सर चहा घेत होते. "केवढा कचरा निघाला?" त्यांनी सहज विचारलं.

"बराच होता सर. दुपारी."

"कुठल्या तबकड्यांत?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे? जवळच्या असतील."

"नाही सर, लांबच्यासुद्धा. एकाच वेळी."

सरांनी कप खाली ठेवला. "आणि ओळखीच्या स्रोताकडे वळल्यावर?"

"तेव्हा नव्हता. परत ताऱ्याकडे आल्यावर पुन्हा..." परवीन बोलता बोलता थांबली. एका शेतातला पंप कोसभर लांबच्या तबकडीला सारखाच कसा दिसेल? आणि ताऱ्याकडून तोंड फिरवलं की गप्प बसणारा पंप कुणी पाहिलाय?

"मूळ टेप कुठाय?" सर ओरडले.

मूळ टेप, म्हणजे अस्मादिक, फाटकापर्यंत पोचली होती. संध्याकाळी माझ्यावर दुसराच कुठला तारा लिहिला गेला असता. मागून पळत येणारी परवीन मला दिसली नाही, पण तिची हाक ऐकू आली. सोनबाकाकांनी ब्रेक दाबला.

"ताई, आता काय राह्यलं? निघायची येळ झाली हाय."

ती खोकं उपसत सुटली. टेपा रस्त्यावर पडल्या. मी सापडले तशी मला छातीशी धरून ती फाटकापाशीच फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडू लागली. मला आयुष्यात असं कुणी धरलं नव्हतं.

"टेपच हाय न्हवं? म्या म्हनलं, घरी कुनाला काय झालं."

"काका, माझा तारा आहे ह्यात."

सोनबाकाकांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि पडलेल्या टेपा एकेक करून पुसून खोक्यात भरल्या.

या खेपेला सर शेजारी खुर्ची टाकून बसले. एकेक जोडी दोघांनी पाहिली. प्रत्येकीत तो उंचवटा, आणि मधल्या ओळखीच्या स्रोतावर रेघ शहाण्यासारखी सपाट. दोन वर्षांनी तारा बोलला होता. आणि बोलला बोलला तोच हिने त्याचा गळा दाबला होता!

सरांनी चष्मा काढला. "छाट म्हणून मीच सांगितलं होतं."

"हात माझे होते, सर."

"हात तुझे, अक्कल माझी," सर म्हणाले. मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यावरचं "झालं" खोडलं आणि खाली लिहिलं: "पुसू नये. आधी बघावे."

त्या दिवसापासून माझ्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. सर आता नाहीत. मला वाचणारं यंत्रही भंगारात गेलं. पोटातला तारा केव्हाच नव्या डिस्कवर उतरवून घेतलाय, तेव्हा खरं सांगायचं तर माझा कुणाला काडीचा उपयोग नाही. परवीनमॅडमच्या ड्रॉवरमध्ये पिना आणि संपलेल्या पेनांच्या सोबतीला पडून असते.

आज मात्र मला बाहेर काढलं. मॅडमची विद्यार्थिनी आनंदी ऐटीत सांगत होती, "मॅडम, क्लीनिंग डन! सगळा कचरा प्रोग्रॅमनेच उडवला."

"कुठल्या तबकड्यांत होता?"

"ते... पाहिलं नाही, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी मला आनंदीच्या कीबोर्डवर ठेवलं आणि माझी गोष्ट सांगितली. आनंदीने सरांचं अक्षर पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला अलगद बाजूला सरकवून तिने कच्च्या नोंदी पुन्हा उघडल्या.

आता जेवायची वेळ टळून गेलीय. डबा तसाच आहे, आणि आनंदी एकेक जोडी बघतेय. काय निघेल, मला ठाऊक नाही. बहुतेक कुणाचा तरी पंपच निघेल. निघू दे बापडा. ओरडायची मात्र या वेळी मला गरज पडली नाही.