केस परत देणारं दुकान

वीणाताई अठ्ठावन्नाव्या वर्षी जपानी कॉमिक्सच्या नादी लागल्या, आणि त्याही भलत्याच बाजूने.

दुपार ही त्यांची वैरीण होती. तनया ऑफिसला गेली, केरवारे, भांडी आवरली, की डिस्कव्हरी गार्डन्समधला तो लहानसा फ्लॅट एकदम ऐसपैस व्हायचा. उल्हासराव होते तेव्हा त्याच फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं होतं. रत्नागिरीहून नणंद फोनवर म्हणायची, "वहिनी, आता इकडे या, तिथे कोण आहे तुमचं?" आणि वीणाताई म्हणायच्या, "तनया आहे की." तनया होतीच. मुलगी गुणाची, पगार घरात देणारी, आईचा व्हिसासुद्धा आता तिच्याच नावावर. पण दुबईत वाढलेली पोर ती. संध्याकाळी आली की "हाय आई, वॉट्स फॉर डिनर?" म्हणायची, आणि त्यातल्या "आई"पाशीच तिचं मराठी संपायचं. शिवाय बाबांचा विषय निघाला की दोघींनाही एकाच वेळी काहीतरी काम आठवायचं.

अशाच एका दुपारी धूळ पुसताना तनयाच्या कपाटातून एक पुस्तक वीणाताईंच्या हाती आलं. वर समुद्रकाठचं एक बंद दुकान आणि बाहेर रिकामा बाक. आत चित्रंच चित्रं, अक्षर म्हणाल तर एक नाही. चष्मा शोधायला उठायला नको, एवढ्याच कारणावरून त्यांनी ते उघडलं.

पहिल्या पानांवर एक म्हातारी दुकानात एकटीच बसलेली. आरशावर धूळ, आतल्या खोलीत रिकामं अंथरूण. मग ती बाजारात गेलेली दिसते, हातात मासळीची जुडी. आणि पुढचं पान उलटावं तर त्याच अंथरुणावर एक म्हातारा हजर. डोक्यावर केस नाहीत, पण डोळे उघडे. वीणाताईंनी ते पान कितीतरी वेळ पुढे जाऊच दिलं नाही. मग म्हातारी कात्री घेऊन त्याच्याशेजारी बसते, आणि पाहता पाहता त्याच्या डोक्यावर पांढरेशुभ्र केस येतात. तो उठून बसतो, दुकानात येतो. दुकान न्हाव्याचं. पण काय न्हावी होता! फरशीवर केसांचा सडा आणि खुर्चीत भादरलेलं गिऱ्हाईक. दोन चौकटी पुढे जावं तर फरशी लख्ख आणि गिऱ्हाईक केसाळ. लोक बोडके यायचे आणि भांग पाडून जायचे. वीणाताईंना त्याचं नवल वाटलं नाही. जपानी माणसं, ती यंत्राकडून चहा करवून घेतात, त्यांना केस परत लावणं काय जड. पानागणिक नवरा-बायको तरुण होत गेले, आणि शेवटी धक्क्यावर दोन अनोळखी पोरं एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. आता वळतील आणि भेटतील, असा तो शेवट.

असा शेवट वीणाताईंनी उभ्या जन्मात वाचला नव्हता. पुस्तक मिटून त्या जरा रडल्या, आणि खूप दिवसांनी ते रडणं त्यांना गोड लागलं.

उल्हासरावांना केसांचा भारी अभिमान. साठी गाठली तरी लिफ्टच्या आरशात एकदा हात फिरवल्याशिवाय ते बाहेर पडत नसत. औषधांनी आधी ते केस नेले आणि मग बाकीचं. म्हणून ते दुकान वीणाताईंना सोडवेना. रोज दुपारी पुस्तक बघायचं, छातीवर उपडं ठेवायचं आणि डोळे मिटायचे. एसीचा आवाज हळूहळू लाटांचा व्हायचा. दुकानाचं दार सरकायचं आणि उल्हासराव आत येऊन खुर्चीत बसायचे. फरशीवरचा एक केस उचलला जायचा, मग दुसरा, मग झुबकेच्या झुबके अलगद तरंगत त्यांच्या डोक्यावर जाऊन बसायचे. ते आरशात बघून म्हणायचे, "मागे जरा जास्त ठेवा हं." खिडकीतून खाऱ्या वाऱ्याबरोबर तळलेल्या मासळीचा वास यायचा. वीणाताई बाकावर बसून नुसत्या बघत राहायच्या. जाग आली तरी बराच वेळ पायाला वाळू लागल्यासारखी वाटायची. त्या सुखी होत्या, हे सरळ सांगायला हवं. बाई दिवसातून तासभर सुखी होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आता तनयाच्या मित्रमंडळींच्या पुरस्काराबद्दल. जपानात दरवर्षी कॉमिक्सचा एक पुरस्कार देतात. तिथे मोठमोठे परीक्षक नाहीत. ज्यांना वाचायचं वेड आहे असे वाचकच मतं देतात. अट एवढीच, की शेवटच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक मत देणाऱ्याने वाचलेलं हवं. तनया, तिच्या ऑफिसातला नीरव आणि शारजाची नबिला यांनी त्याची नक्कल करून करामा भागातल्या एका चहाच्या हॉटेलच्या माडीवर आपलाच एक पुरस्कार सुरू केला होता. ना बक्षीस, ना समारंभ. जिंकलेल्या पुस्तकाच्या नावाने सगळ्यांनी कुनाफा ही अरबी मिठाई खायची, खलास. यंदा दोघेतिघे कॅनडाला गेल्यामुळे मतदार कमी पडत होते.

"आई, यू आर फ्री ना? यू व्होट," तनया म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"जस्ट रीड. ओन्ली राइट टू लेफ्ट, ओके? स्टार्ट फ्रॉम द बॅक."

वीणाताईंनी ते मनावर घेतलं. इंग्रजीत भाषांतर झालेली सात पुस्तकं त्यांनी उजवीकडून डावीकडे, शिस्तीत वाचली. एकात पोरं सारखी भांडतात म्हणून तनयाजवळ तक्रारही केली. आठवं पुस्तक कपाटातलं, नबिलाने टोकियोहून आणलेलं. "ते माझं कधीच वाचून झालंय," त्या म्हणाल्या. सात पुस्तकं उलटी असतील तर आठवंही असणार, हे शाळकरी पोराला कळलं असतं. पण झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार.

मतदानाच्या शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. मेट्रोतून इमारतींचे नुसते शेंडे दिसत होते, खाली शहरच नाही असं वाटावं. करामात पोचेपर्यंत वीणाताई अर्ध्या स्वप्नातच होत्या. माडीवर चहा आला, एकेका पुस्तकावर बोलणं झालं, आणि आठव्याची पाळी आली तेव्हा नीरवने मान हलवली.

"बहुत सॅड है यार. मैं तो रो दिया."

"सॅड क्यों?" वीणाताई म्हणाल्या. "एंड तो कितना अच्छा है. वो ठीक हो जाता है ना. बाल भी वापस आते हैं."

तनयाने आईकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की आपलं काहीतरी चुकलंय हे वीणाताईंना आधी तिथेच कळलं. नबिलाला अरबीमुळे उजवीकडून वाचायची जन्माची सवय. तिने हलक्या हाताने पुस्तक पालथं करून त्यांच्यापुढे ठेवलं. या बाजूलाही मुखपृष्ठ होतं, आणि गोष्ट इथून सुरू होत होती. धक्क्यावर ती दोन पोरं पाठमोरी उभी होती. मागचं पान समजून वीणाताईंनी तिकडे कधी धड लक्षच दिलं नव्हतं.

नीरव मनाचा चांगला, पण नियमाचा पक्का. "आंटी, सॉरी हां. पढ़ा तो है आपने, लेकिन..." तो घुटमळला. मग सगळ्यांनी मिळून मतदान पुढच्या शनिवारवर ढकललं. कुणी हसलं नाही. हसले असते तर वीणाताईंना बरं वाटलं असतं. लाज वाटायला त्यांना सवडच नव्हती. त्यांना लुबाडल्यासारखं झालं होतं.

परतताना मेट्रोत तनया हळूच म्हणाली, "यू डोंट हॅव टू रीड इट अगेन, आई. वी विल टेक युअर नेम ऑफ. नो बिग डील."

"बघते," वीणाताई म्हणाल्या.

मत गेलं असतं तर त्यांचं काही अडलं नसतं. अडलं होतं ते दुकानाचं. सोमवारी दुपारी त्या नेहमीसारख्या आडव्या झाल्या. लाटा आल्या, दार सरकलं, उल्हासराव खुर्चीत बसले, आणि केस गळायला लागले. त्या धडपडून उठल्या. मंगळवारी त्यांनी पुस्तक कपड्यांच्या खाली दडवलं आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिल्या. खरी गोष्ट वाचायची छाती नव्हती आणि खोट्या गोष्टीत आता कुणी आत घेत नव्हतं. नवरा तर गेलाच होता. आता त्याचं येणंही बंद झालं.

शनिवारी काय झालं ते आताच सांगून टाकलेलं बरं. वीणाताईंनी पहिलं मत त्याच पुस्तकाला दिलं आणि त्याच्यासाठी नीरवशी कडाकडा भांडल्यादेखील, तरी ते दुसरं आलं. जिंकलं एक स्वयंपाकाचं कॉमिक. कुनाफा मात्र त्यांनी दोनदा घेतला. पण महत्त्वाचं जे काय झालं ते आदल्या दिवशी, शुक्रवारी झालं.

शुक्रवारी तनया घरून काम करायची. जेवणं झाली, ती सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली. वीणाताई आतून पुस्तक घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या.

"मेलं एकदाचं वाचून टाकते," त्या म्हणाल्या, आणि उजव्या बाजूने उघडलं.

धक्क्यावरची पोरं वळली. भेटली. भेटल्यावर काय झालं ते वीणाताईंनी मागून पाहिलं होतं, पण पुढून पाहताना वेगळंच वाटत होतं. पोरगा पहिल्याच गिऱ्हाइकाचा कान कापतो, पोरगी तोंडावर पदराएवढी बाही धरून हसते. उलट्या वाचनात वीणाताईंना वाटलं होतं की ती रडतेय. त्यांना हसू आलं. तनयाने वाकून पाहिलं, मग लॅपटॉप मिटला. दोघींच्या मांडीवर अर्धं अर्धं पुस्तक आलं. दुकानासमोरून गलबतं गेली, केस गळून फरशीवर पडले आणि झाडले गेले, दोघांची डोकी पांढरी झाली. पान उलटायला कधी तनयाचा हात जायचा, कधी आईचा.

मग अंथरूण आलं. म्हातारी कात्री घेऊन शेजारी बसली. वीणाताईंना वाटलं होतं की ती त्याला केस देतेय. ती कापत होती. त्यांनीही कापले होते. बाथरूममध्ये स्टुलावर वर्तमानपत्र घालून, उशीवर झुबके पडायला लागले त्या सकाळी, स्वतःच्या हाताने. "एकदम झकास दिसतोय की," असं उल्हासराव म्हणाले होते आणि दोघंही एकमेकांकडे न बघता हसले होते.

त्यांनी पान उलटलं. म्हातारी मासळी घ्यायला बाजारात निघाली होती. घरात तो एकटा.

पुढचं पान वीणाताईंना पाठ होतं. तिथे फक्त अंथरूण होतं. त्यांचा हात तसाच राहिला.

त्या दिवशी त्याही अशाच गेल्या होत्या. हॉस्पिटलचं जेवण उल्हासरावांच्या घशाखाली उतरत नव्हतं म्हणून मऊ भात करून आणायला. डबा घेऊन परत निघाल्या, आणि टॅक्सीत असतानाच सगळं आटोपलं. खोलीत तनया एकटी होती. तेव्हापासून वीणाताईंनी तिला एक शब्द विचारला नव्हता. ते आपल्याला शोधत होते, हाक मारत होते, असं ती म्हणाली तर? ते ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, म्हणून त्यांनी दीड वर्ष काढलं होतं.

"तनू," त्या पुस्तकाकडे बघतच म्हणाल्या, "मी डबा घेऊन येत होते तेव्हा बाबांनी मला विचारलं होतं का गं?"

तनया मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द शोधून.

"विचारलं. म्हणाले, आई कुठवर आली? मी सांगितलं, टॅक्सीत आहे, ट्रॅफिक आहे खूप. तर म्हणाले, तिला फोन कर. सांग, धावत येऊ नकोस, सावकाश ये. मी इथेच आहे म्हणावं."

"मग?"

"मग झोपले. मला वाटलं, झोपलेच आहेत." तिने पुस्तकाची कड धरून ठेवली. "मी फोन नाही केला, आई. म्हटलं, तू येशीलच आता. त्यांनी सांगितलं होतं आणि मी नाही केला. तू विचारलंच नाहीस कधी. मला वाटायचं तू माझ्यावर रागावलीस."

वीणाताईंनी तिला जवळ ओढलं. लहानपणी तापात घ्यायच्या तशी ती मोठी मुलगी अख्खी कुशीत घेतली. एवढं ओझं घेऊन हे लेकरू रोज ऑफिसला जात होतं आणि आपण दुपारभर झोपा काढत होतो, या विचाराने त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

"पोचला गं निरोप," त्या म्हणाल्या. "आत्ता पोचला."

दोघीही पोटभर रडल्या. अजून थोडी पानं उरली होती. तनयाने नाक पुसलं, पुस्तक पुन्हा दोघींच्या मांडीवर सरळ केलं, आणि वीणाताईंनी पान उलटलं.