एकोणीस दिवस

"सत्तावीस वर्षांत एक दिवससुद्धा चुकला नाही, असंच सांगणार आहे मी त्यांना," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हवामानाची जाडजूड नोंदवही टेबलावर बरोबर मधोमध ठेवली. "काका, आज आपली सगळी मदार तुमच्या वहीवर."

काका वहीकडे न बघता दाराशी जाऊन उभे राहिले.

काका म्हणजे कॉलेजच्या भूगोल विभागाचे लॅब अटेंडंट. रोज सकाळी साडेआठला मागच्या अंगणातले तापमापक वाचायचे, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि आकडे वहीत उतरवायचे, हे त्यांचं काम. विभागात विद्यार्थी उरले होते तीन, आणि त्यातला एक तर केवळ वसतिगृहात खोली मिळावी म्हणून आलेला! विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला आज समिती येणार होती.

चौदा वर्षांपूर्वी काकांचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. काका एकोणीस दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिले. आकडे लिहायचं काम ते माळ्याला बजावून गेले होते. माळ्याने झाडांना पाणी घातलं, वहीला हात लावला नाही. परतल्यावर काकांनी आदल्या वर्षीचे आकडे काढले, अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे केले आणि एकोणीस रकाने एका बैठकीत भरून टाकले. पाऊस सगळीकडे शून्य. पुढे महिन्याभराने केस कापायला बसले असताना त्यांच्या कानावर आलं, की त्यातल्याच एका दुपारी लिंबाएवढ्या गारा पडून दुकानाचा पत्रा फुटला होता. कात्री कानाशी होती म्हणून, नाहीतर ते खुर्चीतून उठून पळालेच असते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सकाळी बायकोने बजावलं होतं. "तोंड उघडू नका. तुमच्यामुळे त्या पोरीचा, तुमच्या मॅडमचा, विभाग बुडायला नको."

अकराला समिती आली. अध्यक्ष, चष्मेवाल्या एक बाई आणि टेप घेतलेला कारकून. मॅडम वहीबद्दल सांगू लागल्या. काका दाराशी उभे. चोराच्या मनात चांदणं. चष्मेवाल्या बाईंनी नुसती मान वळवली तरी त्यांना वाटे, आता विचारणार.

बाईंनी वही उघडली. चार पानं मागे, दहा पानं पुढे. नेमक्या त्याच वर्षावर येऊन त्यांचा हात थांबला.

"अक्षर सुरेख आहे हो तुमचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

"जरा उचलता का ती?" कारकून म्हणाला. "टेबल मोजायचंय."

अध्यक्ष खिडकीपाशी गेले. "हवामान काय, मोबाइल सांगतो आता. इथे तीस संगणक आरामात बसतील."

मॅडमनी वही छातीशी धरली होती. त्यांचा चेहरा पाहून काकांना भडभडून आलं. चौदा वर्षं आपण ज्या नजरेला भ्यालो, ती नजर या वहीवर कधी पडणारच नव्हती. आणि कोणी बघणारच नाही, या भीतीपेक्षा पकडले जाण्याची ती भीती बरी होती.

"साहेब, त्यात एकोणीस दिवस खोटे आहेत," काका बोलून गेले.

"कशात?"

"वहीत. मी मनाने भरलेत."

"बरं," अध्यक्ष म्हणाले आणि कारकुनाकडे वळले. "खिडकी किती भरली?"

समिती बाहेर पडली. मॅडमनी वही पुन्हा टेबलावर ठेवली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटतेय."

मॅडमनी खुर्ची ओढली, वही उघडली. "कुठले दिवस?"

सत्तावीस वर्षांत वहीतल्या आकड्यांबद्दल काकांना कोणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न. त्यांनी पान काढून दिलं. मॅडमनी लाल पेन पुढे केलं. काकांनी पहिल्या दिवसाचे आकडे खोडले आणि शेजारी लिहिलं, 'नोंद घेतली नाही'. अक्षर वेडंवाकडं आलं.

"असू दे. लिहा," मॅडम म्हणाल्या. "मी आहे इथे. अजून अठरा राहिलेत."

बाहेर कारकून दाराचं माप घेत होता.