सहा पळ्या अर्क

मी पळी बोलतेय. पितळेची, लांब दांड्याची. तुम्ही दुकानात जाऊन "एक तांबडी द्या" म्हणता ना, ती तांबडी माझ्यातून मोजून जन्माला आली. पण चव म्हणजे काय, ते मला अजून ठाऊक नाही. पहिला घोट घेताना माणसं डोळे का मिटतात, याचं मला भारी कुतूहल.

एका औषधविक्रेत्याने मला विकत आणलं. दुकान त्याचं, पण मागच्या खोलीत राबायची त्याची बहीण. दुकानदाराच्या मुलाची ती आत्या, म्हणून सगळ्या गल्लीचीच आत्या. संत्र्याच्या सालींचा कडू अर्क, करपवलेल्या साखरेचा पाक आणि सोड्याचं पाणी, असा तिचा खटाटोप चालायचा. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या हातून पायरीवर आपटले आणि दांड्याच्या मुळाशी माझ्या वाटीलाच चांगला पोचा पडला.

"पडू दे. गळत नाही ना? मग झालं," एवढंच ती म्हणाली.

त्या पोच्यात अंगठा टेकवून मला धरायची तिला सवयच लागली. महिनाभर चाखून चाखून तिने चव जमवली आणि कागदावर लिहिलं: एका पिंपाला सहा पळ्या अर्क.

तांबडी हातोहात खपली. दुकानाचा कारखाना झाला. तो कागद तिजोरीत गेला, तीन कुलपांच्या आत. मी मात्र भिंतीवरच्या खिळ्याला, आल्यागेल्याच्या नजरेसमोर. पुढे भाऊ वारला, भाचा मालक झाला. रोज पहिल्या पिंपातला घोट आत्या घ्यायची आणि तिने मान हलवली की बाटल्या भरायला लागायच्या.

पन्नासाव्या वर्षी समारंभ ठरला. भाच्याने मला तांबटाकडे पाठवलं. त्या भल्या माणसाने मला लख्ख घासलं, वर हौसेने पोचाही काढून दिला, फुकटात. मी हरखले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "कडू आहे."

तिजोरी उघडली, कागद पाहिला. सहा पळ्या. घातल्याही सहाच. आठ दिवस हेच चाललं.

"आत्या, तुझी जीभ म्हातारी झाली गं," भाचा म्हणाला. "आता घरी आराम कर."

ती पुन्हा पुन्हा चूळ भरून चाखायची. हळूहळू तिलाही वाटायला लागलं की आपलीच जीभ गेली. मला ते बघवेना. माझ्यात पूर्वीपेक्षा जास्त अर्क मावतोय हे मला कळत होतं, पण सांगणार कशी?

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "एक पिंप माझ्या हाताने करू दे." तिने मला हातात घेतलं. अंगठा जागा शोधत राहिला.

"हिचा पोचा कुठे गेला रे?"

"काढून घेतला. समारंभात बरं दिसलं नसतं."

आत्या मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरे दीडशहाण्या, कागदाला तीन कुलपं लावलीस आणि चव तांबटाकडून सपाट करून आणलीस!"

मग बत्ता घेऊन तिने मला ठोकलं. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. चार पिंपं वाया गेली. पाचव्याला तिची मान हलली. भाच्याने अख्खा ग्लास संपवला आणि तिची बाजूला काढलेली खुर्ची स्वतः उचलून पुन्हा पिंपांशेजारी आणून ठेवली.

आता मापाला यंत्रं आहेत. माझ्यात मावतो तेवढाच अर्क ती सोडतात. आत्या राहिली नाही. मी काचेच्या कपाटात दिव्याखाली असते. शेजारच्या कार्डावर लिहिलंय, 'संस्थापकांची पळी'. लोक वाकून वाचतात, फोटो काढतात.

अहो, संस्थापकांनी, म्हणजे आत्याच्या भावाने, मला विकत आणलं तेवढंच; पुढे उभ्या जन्मात हात लावला नाही! माझं काही मागणं नाही, पण तेवढं कार्ड बदला. त्यावर तिचं नाव लिहा. ते कुणाला तरी विचारावं लागेल. मलाही माहीत नाही. सगळे तिला आत्याच म्हणायचे.