आम्ही दोघी येतोय

नाताळाला अकरा दिवस उरले होते, तेव्हा धाकटीचा फोन आला. नऊ वर्षांनी.

ताई रुग्णालयाच्या धुलाईघरात होती. यंत्रातून नुकत्याच निघालेल्या चादरींचा गरम ढीग तिच्यासमोर होता आणि खोलीभर वाफ अशी साचली होती की पलीकडच्या बायका नुसत्या आवाजावरून ओळखाव्या लागायच्या. फोन कानाला लावला तर पलीकडून आधी श्वास ऐकू आला, मग आवाज.

"ताई, मी बोलतेय."

हा आवाज ताईने कुठेही ओळखला असता.

"नाताळाला घरी येऊ का?"

"ये की," ताई म्हणाली. इतकंच सुचलं तिला.

"चोवीस तारखेला. गाडीने पलीकडच्या काठापर्यंत, आणि मग चारच्या बोटीने. आम्ही दोघी येतोय."

आणि फोन बंद झाला. ताई वाफेत उभी राहिली. हातातल्या चादरीची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा मोडली.

रात्रीच्या जेवणाला घरात एकच विषय होता. घरात माणसं चार. ताई, तिचा नवरा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी चिमी आणि ताईचे बाबा. नवरा शहर बसवर ड्रायव्हर, कडक इस्त्रीचा गणवेश घालून रुबाबात निघायचा, म्हणून घरात त्याला सगळे साहेब म्हणायचे, बाबासुद्धा. बाबांनी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता हात थोडा थरथरायचा, पण अक्षर अजून कोणाला हार जात नव्हतं.

"दोघी म्हणजे नवरा नाही, एवढं नक्की," साहेब म्हणाले.

"मुलगी असेल! माझ्याएवढी!" चिमी खुर्चीत उभी राहिली.

"किंवा सासू."

"नवरा नाही म्हणताय आणि सासू कुठून आणता?" बाबा म्हणाले.

"अगं, पण फोन करून सरळ विचार ना," साहेब ताईला म्हणाले. "तोंड आहे ना आपल्याला?"

ताईने पाण्याचा घोट घेतला. विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की सख्ख्या बहिणीच्या आयुष्यात कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही. आणि का ठाऊक नाही, ते या टेबलाभोवती चिमी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आई अंथरुणाला खिळली होती ते पाच महिने ताईने एकटीने काढले. धाकटी यायची, दारात उभी राहायची, आईकडे बघायची आणि तासाभरात निघून जायची. आई गेली त्या संध्याकाळी ताई सगळ्यांदेखत तिला म्हणाली होती, "तू या घरात पाहुणी आहेस. पाहुणीसारखी ये आणि पाहुणीसारखी जा." धाकटी गेली ती गेलीच. ती दूरच्या शहरात असते, कुठेतरी नोकरी करते, एवढंच कळायचं.

"कोणी का असेना," ताई म्हणाली. "कोणीही आलं तरी त्याला आपलं वाटेल अशी तयारी करायची."

बोलायला सोपं होतं. पण जिचं वय माहीत नाही, माप माहीत नाही, तिच्यासाठी नाताळ कसा मांडायचा? माळ्यावरची खोली रिकामी केली तेव्हा पहिला पेच पडला. पलंग उंच ठेवला तर लहान मूल पडेल, खाली गादी घातली तर म्हातारीला उठता येणार नाही. साहेबांनी दोन्ही केलं. पलंग लावला आणि पलंगाला टेकून जमिनीवर गादीही घातली. "आता कोणीही येऊ द्या," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पडली तरी गादीवरच पडेल."

झाडाखाली ठेवायच्या भेटीसाठी ताई दोन संध्याकाळी बाजारभर हिंडली. दुकानांच्या काचांमागे दिवे लागलेले, प्रत्येक काचेत तिचाच चेहरा तरंगायचा आणि त्याच्यामागे बाहुल्या, चष्म्यांच्या चौकटी, केसांच्या पिना, लोकरीचे मोजे. शेवटी तिने एक पिवळी शाल घेतली. लहान मुलीला पांघरूण होईल, तरुण बाईला ओढणीसारखी घेता येईल, म्हाताऱ्या खांद्यांना ऊब देईल. दुकानदारीण म्हणाली, "कोणासाठी घेताय?" ताई म्हणाली, "ते चोवीस तारखेला कळेल." दुकानदारीण हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे.

बाबा जेवणाच्या टेबलासाठी जाड कागदाच्या चांदण्या करत होते. प्रत्येकीवर एकेकाचं नाव, निळ्या रंगात, सोनेरी कडेसह. चिमीची, साहेबांची, ताईची, धाकटीची, त्यांची स्वतःची. सहावी चांदणी वाळत घातलेली ताईने पाहिली. तिच्यावर बाबांनी लिहिलं होतं, पाहुणी.

"बाबा, हे नको."

"मग काय लिहू? नाव तर माहीत नाही."

"काहीही लिहा. हे नको."

बाबांनी चष्मा काढला. "त्या दिवशी मीही तिथेच होतो गं," ते हळू म्हणाले. "मी तुला गप्प करायला हवं होतं. मीही बसून राहिलो. ते नऊ वर्षं मलाही टोचतंय." मग त्यांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, अक्षरं पुसून टाकली आणि त्या जागी एक लहानसा पक्षी काढला. हात थरथरल्यामुळे पक्ष्याचे पंख हलल्यासारखे दिसत होते.

बावीस तारखेला धुकं उतरलं. आधी नदी गेली, मग धक्का, मग समोरच्या घरांच्या भिंती. दुपारी दिवे लावावे लागले. ताईने केक भट्टीत घातला तेव्हा खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं आणि स्वयंपाकघर त्या पांढऱ्यात तरंगणाऱ्या होडीसारखं वाटत होतं. दालचिनी आणि भाजलेल्या साखरेचा वास घराबाहेर जायला वाट नसल्यासारखा जिन्यावर, कपड्यांत, केसांत साठत गेला. चिमी झाडाला काचेचे गोळे बांधत होती. प्रत्येक गोळ्यात एकेक वाकडी, इवलीशी चिमी होती.

दुपारी खुर्चीतच ताईचा डोळा लागला. स्वप्नात तिच्या घराला खोल्याच खोल्या फुटल्या होत्या. एक दार उघडावं तर आत पांढऱ्या चादरी घातलेले पलंग, पुढचं उघडावं तर आणखी पलंग, आणि प्रत्येक पलंगाच्या कडेला आई पाठमोरी बसून केस विंचरतेय. "कोणासाठी एवढी अंथरुणं?" आईने न वळता विचारलं. ताईला उत्तर द्यायचं होतं. तेवढ्यात केक करपल्याचा वास आला आणि ती धडपडत उठली. केक करपला नव्हता. कडा जरा गडद झाली होती, इतकंच.

चोवीस तारखेला सव्वातीनलाच सगळे धक्क्यावर होते. साहेब तेवढे कामावर, पण त्यांच्या बसचा शेवटचा थांबा धक्क्यालाच होता. धुकं इतकं दाट की पाण्याचा नुसता आवाज येत होता. चार वाजता धक्क्यावरच्या कारकुनाने सांगितलं, "बोट पलीकडून वेळेवर सुटलीय. वीस मिनिटांचं पाणी आहे. येईल."

चार वीस झाले. साडेचार. पावणेपाच.

कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली. आता त्याचाही चेहरा उतरला होता. "इंजिनाचा आवाज मघाशी ऐकला मी. पण तो खालच्या अंगाला चाललाय. नावाड्याला काठ सापडत नाहीये बहुतेक."

खालच्या अंगाला नदी समुद्राला मिळत होती. हे कोणी बोललं नाही.

तेवढ्यात साहेबांची बस थांब्यावर येऊन लागली. ताई धावत गेली, धापा टाकत दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी मागे वळून उतारूंना विचारलं, "मंडळी, पाच मिनिटं कानांवर हात ठेवाल का?" आणि हॉर्न दाबला. लांबच लांब, मग थांबून पुन्हा. उतारू खाली उतरले. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी कठड्यावर छत्री आपटली. बाबांनी कारकुनाच्या खोलीतला पत्र्याचा ट्रे आणला आणि चमच्याने बडवायला सुरुवात केली. चिमी शाळेत शिकवलेलं नाताळचं गाणं गाऊ लागली, मोठ्याने, एकच कडवं पुन्हा पुन्हा, कारण दुसरं तिला येत नव्हतं.

मग हॉर्न थांबला. सगळे कान देऊन ऐकू लागले. धुक्यात काहीच नव्हतं.

ताई धक्क्याच्या टोकाशी गेली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"धाकटेऽऽ!"

पांढऱ्यातून, खूप लांबून, उत्तर आलं.

"ताईऽऽ!"

"इकडेऽऽ! माझ्या आवाजाकडे ये!"

ती हाक मारत राहिली. बहिणीला जितक्या नावांनी लहानपणी हाका मारल्या होत्या, त्या सगळ्या मारल्या. धाकटे, चिंगे, नकटे, शेंबडे. मागे कोणीतरी हसलं. तिला त्याचं काही नव्हतं. इंजिनाचा आवाज दूर गेला, थबकला, वळला आणि हळूहळू मोठा झाला. मग धुक्यात एक डाग दिसला, डागाची बोट झाली. बोटीच्या टोकाशी एक अगदी म्हातारी बाई खुर्चीत बसली होती. एक हात कानामागे, दुसऱ्या हाताने ती नावाड्याला दिशा दाखवत होती. "डावीकडे घे रे! अजून डावीकडे! कान आहेत की बटणं?"

तिच्यामागे, तिची खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून, धाकटी उभी होती.

बोट लागली. बहिणी एकमेकींसमोर आल्या आणि दोघींनाही पुढे काय करायचं ते कळेना. ते म्हातारीनेच सोडवलं. "मला आधी उतरवा. रडायचं ते नंतर रडा. माझे पाय गारठलेत."

धाकटी खाली वाकली. म्हातारीचे हात आपल्या गळ्यात घेतले, एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीशी, आणि तिला अलगद उचललं. किती सवयीने उचललं ते ताईच्या नजरेतून सुटलं नाही. अंथरुणातल्या माणसाला असं उचलायला ताईला पहिले तीन महिने जमलं नव्हतं. तिने बरोबर आणलेल्या शालीवरचा भेटीचा कागद तिथेच फाडला आणि शाल म्हातारीच्या खांद्यांवर घातली.

"पिवळी," म्हातारी म्हणाली. "बरं झालं. धुक्यात हरवणार नाही मी."

माळ्याचा पलंग वायाच गेला. म्हातारीला जिना चढणं शक्य नव्हतं. साहेबांनी गादी खाली आणली आणि बैठकीत झाडाशेजारीच तिचं अंथरूण झालं. अर्ध्या तासात ती घरात अशी रुळली, की बाबांना म्हणाली, "तुमच्या चांदणीवरचा पक्षी डावखुरा आहे." तिने चाळीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत माणसांना माणसांशी जोडून दिलं होतं. आता तिला स्वतःचं असं कोणी नव्हतं. चिमीला तिने आवाज ओळखायचा खेळ शिकवला. डोळे मिटायचे आणि घरात कोण काय करतंय ते सांगायचं.

स्वयंपाकघरात धाकटी बटाटे सोलायला बसली. ताई शेजारी पातेलं घासत होती.

"म्हाताऱ्या माणसांना सांभाळते मी," ती खाली मान घालून म्हणाली. "हीच नोकरी. या आजींकडे सात वर्षं आहे. दर नाताळाला आम्ही दोघीच असायचो. या वर्षी त्या म्हणाल्या, मला एकदा भरलेलं घर बघायचंय. तुला घर आहे ना?"

"आहे की," ताई म्हणाली.

"ताई, आईला हात लावायची मला भीती वाटायची. आपण हात लावू आणि ती तिथेच जाईल, असं वाटायचं. मी दारातून पळायचे. नंतर शिकले मी. मुद्दाम शिकले. पण आईसाठी उशीर झाला."

ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मला वाटायचं तुला किळस येते," ती म्हणाली. "मी एकदाही विचारलं नाही. आणि जे बोलले ते..." धाकटीने बटाट्याचे ओले हात तसेच पुढे केले आणि दोघी तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, एकमेकींना धरून रडल्या. म्हातारी बैठकीतून डोळे मिटून चिमीला सांगत होती, "आता रडतायत. छान. आता नाक शिंकरलं. हे मोठीचं."

नाताळच्या दुपारी सहा जण टेबलाभोवती बसले. धुकं निवळून नदीवर कोवळं ऊन पडलं होतं. प्रार्थना बाबांनी म्हटली, मध्येच विसरले आणि म्हातारीने ती पुरी केली. भाजलेली कोंबडी, बटाटे, सूप, केक. साहेबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि कोणी काही म्हणायच्या आत म्हणाले, "हॉर्न मी वाजवला होता."

जेवणानंतर घर सुस्तावलं. म्हातारी शाल हनुवटीपर्यंत ओढून घोरू लागली, चिमी तिच्या पायाशी कलंडली, बाबा आणि साहेब दोन खुर्च्यांत दोन दिशांना मान टाकून झोपले. ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारी बसलेली धाकटी नव्या वर्षापर्यंत राहायचं की दोन दिवस जास्त, ते सांगता सांगता बोलायची थांबली आणि तिचं डोकं ताईच्या खांद्यावर आलं. चुलीवर चहाचं पाणी उकळत होतं, झाकण हलत होतं. ताईचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला. ती हलली नाही.