दोघांचं पाणी

निळ्या झाकणाचे आटे झिजले होते, त्यामुळे ते कधी घट्ट बसायचंच नाही, फिरवलं की फिरत राहायचं – आणि ती सिंकपाशी उभी राहून ते फिरवत राहिली होती. बाटलीत पाणी नव्हतं. पण उघडी बाटली सॅकमध्ये दबते, कुरकुरते. अर्धी भरलेली त्याहून वाईट, ती डचमळते. म्हणून नवऱ्याच्या सॅकमध्ये वरच्या बाटल्या काठोकाठ, तळातल्या रिकाम्या, मध्ये लोकरीचे कपडे कोंबलेले. आणि त्या रिकाम्यांचं पाणी तिच्या सॅकमध्ये.

पाण्याची युक्ती त्यांना बर्फाच्या डोंगरावर नेणाऱ्या गाईडची. जवळ डोंगर नसेल तर इमारतीचा जिना चढा, पाठीवर पाणी घ्या आणि वर गेल्यावर ओतून द्या, म्हणजे उतरताना गुडघे वाचतील. रोज संध्याकाळी दोघं बर्फातले जाड बूट घालून गच्चीपर्यंत जात. तो कठड्याला टेकून धापा टाकी, तेवढ्यात ती दोघांच्या बाटल्या कुणाच्या तरी कुंड्यांत ओतून टाकी. कुंड्या नुसत्या माजल्या होत्या. तळमजल्यावरच्या आजी दारातून विचारत, जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्यास, आता तुलाच आत घेत नाहीत का रे? तो हसे. हसायलाही श्वास लागतो... तो कुठून आणतो, हे तिला जिन्यात ऐकू येई.

आजारपणानंतर तो दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग एकदा म्हणाला, सगळं आयुष्य लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत गेलं, एकदा जिथे वर काहीच नाही अशा जागी उभं राहायचंय. त्या बर्फाच्या डोंगराचं नाव घेतलं आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवला. डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं करा. पहिल्या संध्याकाळी तो दुसऱ्याच मजल्यावर बसला – पुन्हा भिंतीकडे तोंड करून. ते तोंड तिला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक बाटली रिकामी ठेवली. एकच. चार दिवसांत भरू म्हणून. मग दुसरी.

आणि आज दुपारी, ती कामावर लाँड्रीत ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढत असताना, गाईडचा फोन आला. पोरगी त्यांच्या लेकीच्या वयाची, बोलणं मात्र सासूचं. हिमनदीवर आपण तिघं एकाच दोराला बांधलेले असू, ती सांगत होती; वरून बर्फ सपाट दिसतं, खाली भेगा असतात, एक आत गेला तर बाकीच्या दोघांनी त्याला धरून ठेवायचं. मग म्हणाली, "काकांना विचारलं तर ते हो म्हणणारच. काकू, तुम्ही सांगा. पूर्ण वजन घेऊन चढतात ना?"

संध्याकाळी कळवते, एवढंच ती म्हणाली. चादर हातात तशीच, कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं. पाणी, पाणी... मी दमले आहे, हे कुणाला सांगू? जिन्याने दमले नाही. तो वर पोचल्यावर माझ्याकडे बघून हसतो ना, बघितलंस, जमतंय – त्याने दमले. नाही म्हटलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल. हो म्हटलं तर...

तिने निळं झाकण काढलं आणि नळ सोडला. सगळ्या बाटल्या भरल्या. सॅक दाराशी नेऊन ठेवताना तिला ती दोन्ही हातांनी उचलावी लागली.

तो बूट घालून आला. नेहमीसारखा एका हाताने पट्टा उचलला आणि थांबला. सॅक हळूच खाली ठेवली.

"आज सगळ्या भरल्यास."

तिने आपली सॅक पाठीवर चढवली.

"अगं, लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला किती वजन टांगायचं, हेच बघण्यात जन्म गेला माझा. माझ्या पाठीवरचं मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

तो वाकून, सुटलेली नसलेली नाडी पुन्हा बांधत होता. "तुला तेवढाच धीर होता," तो म्हणाला. "म्हटलं, असू दे."

मग त्याने सॅक पाठीवर घेतली. घेताना दाराच्या चौकटीला धरावं लागलं. ती मागे होती. आजींच्या दारावरून गेला तेव्हा आजींनी काहीतरी विचारलं, त्याने हात केला, हसला नाही. पहिला मजला. दुसऱ्यावर तो थांबला, तळवा भिंतीवर टेकवला, मान खाली. बसला नाही... अजून तरी नाही. फोन तिच्या खिशात होता, गाईडला कळवायचं तसंच राहिलं होतं. ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली आणि पुढे होऊन त्याचा पट्टा उचलून धरायला निघालेला हात तिने कठड्यावरच ठेवला. इतके दिवस आपण एकटेच वाहतोय असं तिला वाटत होतं, आणि तो ते तिला वाहू देत होता. म्हणजे कुणी कुणाला धरलं होतं, ते आता तिला सांगता येईना. तिची पाठ हलकी झाली होती. ते गेलेलं ओझं पाठीला परत हवंसं वाटत होतं – त्याचाच तिला राग आला. वर त्याचा श्वास चालला होता, फाटलेला, खरा. त्यात मिसळलेला दुसराही एक तिला ऐकू आला, आणि तो आपला आहे हे कळायला थोडा वेळ लागला.