दुमडलेला उजेड

विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की पिंपळवंडीचे हौशीरामनाना आपल्या लेकीला, श्रेयाला, शेताच्या दुसऱ्या टोकाला पिटाळायचे. ती पाइपाला कान लावून बसायची. इकडून नाना ओरडायचे, "पाणी आलं का गं?" पाणी दिसायच्या आधी तिला ते ऐकू यायचं. पुढं पोरगी इंजिनियर झाली, माळावरच्या रेडिओ दुर्बिणीत नोकरीला लागली, पण खोड काही गेली नाही. आता ती जमिनीखालून उजेड खेळवत होती.

आकाशाकडं तोंड करून बसलेल्या तबकड्या जे ऐकतात, ते आवाराच्या पार पलीकडच्या संगणक केंद्रात त्याच क्षणी पोचवायचं, हे तिचं काम. आधी डिस्क भरभरून जीपमधून जायच्या. श्रेयानं वर्षभर खपून केसाएवढ्या काचेच्या तारांची, उजेडातून माहिती नेणारी वाट टाकली. मधे नानांचा कांदा होता. त्यांनी बांधाकडेनं चर खणू दिला, वर खणणाऱ्यांना चहाही पाजला.

आणि आज आकाशातला एक तारा जागा झाला होता. वर्षानुवर्षं गप्प राहणारा, लहरी. संशोधक हर्षालीताई त्याच्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. तो इतकं बोलत होता की तबकड्यांजवळची साठवण दिवस मावळता भरणार, आणि भरली की जुनं पुसून नवं लिहिणार. कालपर्यंत ठणठणीत असलेली वाट नेमकी आजच रुसली. सगळं थेंब थेंब येत होतं.

"जीप काढू का गं?" हर्षालीताईंनी विचारलं.

जीप जाऊन येईपर्यंत निम्मा तारा पुसला गेला असता. तेवढ्यात तपासणी यंत्रानं अडथळा दाखवला. नानांच्याच बांधावरच्या, केबलच्या चेंबरमध्ये.

ती पळत सुटली. कांद्याच्या पातीवर पिवळं ऊन पसरलं होतं. आपल्या पायाखालीच कुठंतरी उजेड तुंबून बसलाय, असं तिला वाटत राहिलं.

तिनं झाकण उचललं. जास्तीच्या केबलचं सैल वेटोळं कुणीतरी नीट दुमडून, ट्यूबच्या रबरी पट्टीनं करकचून बांधलं होतं. ठिबकच्या नळीचं टोक बंद करतात, अगदी तसं. ती गाठ तिच्या ओळखीची होती.

मागं नाना उभे होते. "लोंबत व्हतं. झाकण बसंना. ट्रॅक्टरखाली यील म्हून काल सांजच्याला म्याच बांधलं. का गं?"

"नाना, दुमडलं की उजेड थांबतो. पाण्यावानीच."

नानांचा चेहरा उतरला. "मंजी माज्याच हातानं तुजं काम बुडालं?"

तिला राग आला होता आणि रडूही. तिनं गाठ सोडली. वेटोळं हळूहळू मोकळं झालं.

दुर्बिणीच्या ऐकण्यात गोंगाट नको म्हणून इथं मोबाइल बंदच असतात. चेंबरमधला तारेचा फोन खणखणला. "आला! धो धो येतोय!" हर्षालीताई ओरडत होत्या. "काही पुसलं नाही!"

"ताई, त्या ताऱ्याचे ठोके जरा स्पीकरवर लावून ऐकवा ना," म्हणत श्रेयानं फोन नानांच्या कानाला लावला. टुक. टुक. टुक. नानांनी डोळे मिटले.

"पोरी, ह्ये तर आपलं हिरीवरचं इंजान!"

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग डोळे न उघडताच, भीत भीत म्हणाले, "पाणी आलं का गं?"

श्रेया बांधावर बसली आणि तिनं केबलला कान लावला.

"आलं, नाना."