मनगटावरचं खोडरबर

शेवटचं पान आलं की छकुलीचा उजवा हात दगड व्हायचा. त्या पानावर पियानोच्या पट्ट्यांवरून पंजा सपासप उडवत न्यायचा होता, आणि निम्म्यातच कोपरापासून बोटांपर्यंत सगळं आखडायचं. संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा उद्यावर आलेली. वाजवायला तिला वडिलांनीच शिकवलेलं. त्यांचेही उपाय थकले, तेव्हा ते तिला आपल्या बहिणीकडे घेऊन आले. आत्याचा जन्म पियानो शिकवण्यात गेला होता.

आत्यानं वाजवायला सांगितलंच नाही. पियानोपुढे बसलेल्या छकुलीचा हात आपल्या तळव्यावर उचलून घेतला.

"सगळं ओझं माझ्यावर टाक. झोपलेल्या पोराच्या हातासारखं."

"टाकलं."

आत्यानं तळवा काढून घेतला. छकुलीचा हात तिथंच राहिला. हवेत, खुंटीवर टांगल्यासारखा.

छकुली चक्रावली. हात आपला, आणि आपल्याला न विचारता उभा?

"अगं, सोड ना."

"सोडलाय गं आत्या! शप्पथ, सोडलाय!"

"हाताला वळण आहे तिच्या," वडील खुर्चीतून म्हणाले. "लहानपणी मनगटावर खोडरबर ठेवून वाजवायला लावायचो. पडलं की पुन्हा पहिल्यापासून."

"दादा, ते पडू नये म्हणून पोरगी अजून जीव मुठीत धरून बसलीय."

"काहीतरीच! माझा बघ." त्यांनी ऐटीत हात पुढे केला. आत्यानं उचलला, सोडला. तोही तसाच अधांतरी!

वडिलांचा चेहरा उतरला. "आमच्या मास्तरांनीही... रबरच ठेवलं होतं," ते पुटपुटले.

"झालं! बापलेक दोघंही हात वर धरलेले चौकातले पोलीस," आत्या म्हणाली.

छकुलीला खुदकन हसू फुटलं, आणि त्या हसण्यात तिचा अजून टांगलेला हात सुटला. धप्पकन पट्ट्यांवर पडला. आवाज बेसूर, पण केवढा मोठा! आणि जोर तर कणभरही लावला नव्हता. ती थिजून हाताकडे बघत राहिली.

"आता प्रत्येक उडीला असाच पाड," आत्या म्हणाली.

छकुलीनं शेवटचं पान वाजवलं. बरेच सूर चुकले. पान संपल्यावर तिनं डाव्या हातानं उजवा दंड, मनगट चाचपलं. मऊ! तिचा विश्वासच बसेना.

"उद्या चुकशील," आत्या म्हणाली, "पण शेवटपर्यंत पोचशील."

वडील अजून आपल्या हाताकडे बघत होते. तो खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. छकुली उठली आणि त्याच्याखाली तिनं आपला तळवा धरला.

"टाका, बाबा."